हिमनदीवर कापड कसं अंथरायचं

गेल्या तीन उन्हाळ्यांत आमच्या टोळीत कामाला आलेल्या पोरांपैकी चौघं मराठी होती. इन्सब्रुकला शिकायला आलेली, सुट्टीत चार पैसे गाठीला बांधायला निघालेली. प्रत्येकानं आधी फोन करून एकच विचारलं, “ताई, तिथं नेमकं करायचं काय असतं?” प्रत्येकाला तासभर सांगितलं. आता लिहूनच ठेवते.

मी मूळची इचलकरंजीची. वडिलांचे माग होते. कापडातच वाढले, शिकलेही कापडच. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये एका स्की रिसॉर्टच्या हिमनदीवर उन्हाळ्यात पांघरूण घालतात, त्या टोळीत मी सहा वर्षं आहे. कापडाची निवड, शिवण आणि शेवटची मोजदाद माझ्याकडं असते. बाकी कामात मीही तुमच्यासारखीच रोल ओढते.

एक शब्द आधी पक्का करू. आकाशातून पडतं ते भुसभुशीत पांढरं, त्याला मी हिम म्हणेन. वर्षानुवर्षं दबून जो निळसर, काचेसारखा घट्ट होतो, तो बर्फ. आपण झाकतो ते वरचं हिम, पण वाचवायचा असतो खालचा बर्फ.

कापड घालून फरक का पडतो

ताजं हिम अंगावर पडणाऱ्या उन्हातलं ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतं. उघडा पडलेला बर्फ जेमतेम ३० ते ४० टक्के फेकतो, आणि त्यावर धूळ बसली असेल तर त्याहून कमी. बाकीचं ऊन तो पिऊन टाकतो. १ किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, हे शाळेत शिकलेलं असतं. त्याचा हिशेब असा: उन्हाळ्यात दिवसरात्र मिळून दर चौरस मीटरवर सरासरी २५० वॅट ऊन पडलं आणि बर्फानं त्यातलं ७० टक्के पिऊन टाकलं, तर नुसत्या उन्हानं दिवसाला सुमारे ५ सेंटिमीटर बर्फ जातो. तेच हिमानं झाकलेलं असेल आणि २० टक्केच आत शिरलं, तर दीड सेंटिमीटरच्या आसपास.

म्हणजे हिमाचा पांढरा थर जितके दिवस टिकेल तितके दिवस खालचा बर्फ सुरक्षित. जुलैच्या मध्याला तो थर संपायचा; हल्ली त्याच्याही आधी संपतो. आपलं कापड त्या थराचे दिवस वाढवतं. पांढरं असल्यामुळं ऊन परत फेकतं आणि जाड असल्यामुळं गरम हवा थेट लागू देत नाही. इन्सब्रुक विद्यापीठातल्या लोकांनी २००४ नंतर स्टुबाई हिमनदीवर वेगवेगळी पांघरुणं घालून तपासून पाहिलं. चांगल्या कापडाखाली वितळण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांनी कमी होतं, हा आकडा तेव्हापासून टिकून आहे. पूर्ण थांबत नाही. हे पहिल्या दिवशीच मनात पक्कं करा, नाहीतर ऑगस्टमध्ये कापड खाली बसलेलं बघून पोरं हिरमुसतात.

जागा कोणती

सगळी हिमनदी कोणी झाकत नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे. आमच्याकडं तीन ठिकाणं ठरलेली आहेत: लिफ्टचे, म्हणजे स्कीवाल्यांना तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांचे, खांब जिथं बर्फावरच उभे आहेत त्यांची बूडं, केबल कारच्या स्टेशनातून बर्फावर उतरायचा उतार, आणि स्कीच्या दोन उतारांना जोडणारी एक अरुंद पट्टी. खांबाखालचा बर्फ एका बाजूनं जास्त वितळला की खांब कलतो, मग तारेचा ताण बिघडतो. स्टेशनचा उतार तर आणखी नाजूक. स्टेशन खडकावर असतं, ते हलत नाही. बर्फ मात्र दरवर्षी खाली बसत जातो. मग दरवाजा एका उंचीवर आणि बर्फ पुरुषभर खाली, अशी गत होते. स्वित्झर्लंडमध्ये अँडरमॅटच्या गेम्सस्टॉकवर नेमकं हेच दुखणं होतं, आणि २००५ पासून त्यांनी तिथला उतार झाकायला घेतला. आल्प्समध्ये या कामाचा बोलबाला झाला तो तिथूनच.

जागा ठरवताना आणखी एक गोष्ट बघा: वरून पाणी कुठून येतं. कापडाच्या वरच्या अंगाला ओहोळ असेल तर तो कापडाखाली शिरून पोखरत जातो. वरून सगळं शांत दिसतं आणि आत बोगदा झालेला असतो. म्हणून वरच्या कडेच्या पाच-सहा पावलं वर एक तिरपी चर खणून पाणी बाजूला काढायचं. शेतात बांधाला काढतात तशीच.

भेगांचं कापडाआधी बघायचं. हिमनदीला भेगा असतात आणि हिवाळ्याच्या हिमानं त्यांची तोंडं बुजलेली असतात. लांब सळईनं पावलापावलाला टोचून बघायचं. सळई एकदम सुटली की तिथं निशाण रोवायचं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला सोबती. कापड अंथरल्यावर ही भेग डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून निशाणं उन्हाळाभर काढायची नाहीत. यात कोणी घाई केली तर मी काम थांबवते, मग वरिष्ठ काहीही म्हणोत.

कापड

आपण वापरतो ते विणलेलं नसतं. ताणा-बाणा नाही. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचे तंतू पसरून हजारो काटेरी सुया त्यातून वरखाली घालून गुंतवलेले असतात, नमद्यासारखे. जाडी ३ ते ४ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला ३०० ते ५०० ग्रॅम. हाताला जाड ब्लँकेटसारखं लागतं. यातून पावसाचं पाणी झिरपून जातं, हा त्याचा गुण. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पाण्याची डबकी साठतात, डबकं ऊन पितं, आणि त्याच्या खाली बर्फात खड्डा पडतो.

नवा रोल आला की मी चार गोष्टी बघते. पांढरेपणा: नव्या कापडाचा तुकडा जवळ ठेवून जुन्याशी ताडून बघायचा. दोन-तीन उन्हाळे झाले की कापड राखाडी होतं आणि त्याचा उपयोग घटतो. तंतूंची पकड: अंगठ्यानं घासल्यावर लोकर सुटत असेल तर तो रोल परत. जाडी: पाच ठिकाणी मोजायची, कारण कडेला कापड पातळ निघतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे शिवणीचा दोरा. ती मी ठेच लागल्यावर शिकले, पुढं सांगते.

वजनाचा अंदाज असू द्या. इटलीत तोनाले खिंडीजवळच्या प्रेसेना हिमनदीवर ५ मीटर रुंद आणि ७० मीटर लांब पट्टे वापरतात. असा एक पट्टा ४०० ग्रॅमच्या कापडाचा धरला तर कोरडा १४० किलो भरतो. भिजला की चार माणसांनाही आवरत नाही. म्हणून अंथरणं कोरड्या दिवशी. प्रेसेनावाले २००८ पासून हे करत आहेत. तेव्हा साधारण ३०,००० चौरस मीटर झाकायचे, २०२० मध्ये १ लाखावर गेले. घालायला सहा आठवडे आणि काढायला सहा आठवडे. आमचं क्षेत्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी तीन आठवडे मोडतात.

अंथरणं

वेळ मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. स्कीचा हंगाम संपलेला असतो आणि हिवाळ्याचं हिम अजून शिल्लक असतं. त्याआधी पिस्टनबुली, म्हणजे रुंद पट्ट्यांवर चालणारी हिम सारायची यंत्रं, आजूबाजूचं हिम ओढून झाकायच्या जागेवर रचतात. जितकी जाड रास तितकं बरं. रास रचून तिचा माथा गुळगुळीत करायचा. खोलगट राहिलं तर कापडाला झोळ पडतो आणि झोळात पाणी.

वरच्या कडेला गुडघाभर खोल चर. पट्ट्याचं तोंड त्या चरीत घालायचं, वर हिम भरायचं, बुटांनी तुडवायचं. रात्रीत ते गोठून धरून ठेवतं. मग रोलच्या आतल्या नळीतून दोर ओवून तो उतारावरून हळूहळू सोडायचा, दोघं वरून दोर धरून. एकट्यानं रोल सोडायचा नाही. सुटलेला रोल मी एकदा पाहिला आहे; तो जाऊन लिफ्टच्या खांबावर आदळला आणि खांबाला पोचा आला. मध्ये माणूस असता तर वाचला नसता.

दोन पट्टे एकमेकांवर हातभर चढवायचे. कोणता कोणावर, हे वाऱ्याला विचारायचं. आमच्याकडं दक्षिणेकडून डोंगर ओलांडून उतरणारा कोरडा, उबदार वारा असतो, त्याला इथं फ्योन म्हणतात. तो ज्या बाजूनं येतो त्या बाजूचा पट्टा वर, दुसरा खाली. उतारावर जिथं एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो तिथं वरच्याचं टोक खालच्याच्या पाठीवर. कौलं कशी बसवतात ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. कोकणातला एक मुलगा आमच्याकडं होता. त्यानं पहिल्याच दिवशी न विचारता बरोबर घातलं. विचारलं तर म्हणाला, “ताई, घरी दर मे महिन्यात कौलंच परततो आम्ही.”

कापड ताणून घ्या, पण तडतडेल इतकं नको. खालचं हिम उन्हाळाभर खाली बसत जाणार आहे, कापडाला त्याच्याबरोबर बसता आलं पाहिजे. वजनाला पांढऱ्या वाळूच्या पिशव्या, दर दोन पावलांवर एक, आणि आडवे दोर. गडद रंगाची पिशवी चालत नाही. ती तापते आणि आठवड्यात कापडासकट खड्ड्यात उतरते. पिशवी फाटून वाळू सांडली तर लगेच गोळा करायची.

डोळ्यांना चष्मा हवाच. खाली हिम, भोवती हिम आणि समोर पांढरं कापड, त्यातून उंचीमुळं अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढत जातात. चष्म्याशिवाय दोन तास काम केलं की रात्री डोळ्यांत मिरची घातल्यासारखं होतं. हनुवटीच्या खालच्या बाजूला आणि नाकपुड्यांच्या आत मलम लावा. ऊन खालूनही येतं, आणि आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही या भ्रमात राहू नका. पहिले दोन दिवस पाणी भरपूर आणि चाल मंद. ३,००० मीटरवर पुण्यातली धाव चालत नाही.

शिवण

पट्टे शिवायला पोत्यांची तोंडं शिवतात तसलं हातमशीन असतं. बाजार समितीत धान्याच्या पोत्यांवर चालताना पाहिलं असेल, तेच. दोघांचं काम आहे: एकानं दोन्ही कडा चिमटीत जुळवून उचलून धरायच्या, दुसऱ्यानं मशीन सरकवत न्यायचं. धरणारा जास्त महत्त्वाचा. त्यानं कडा सैल सोडल्या तर मधूनमधून टाके सुटतात आणि वारा नेमका तिथंच बोट घालतो. हातमोजे पातळ घ्या, बोटांना कापड कळलं पाहिजे. दर दहा मीटरला थांबून शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायची.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका पुरवठादाराकडून दोऱ्याची खेप आली. कापड उन्हाला टिकणारं होतं, कागदावर तसं लिहिलेलंही होतं. दोराही त्याच प्रतीचा असेल असं मी धरून चालले. दोरा साधा निघाला. जुलैच्या मध्याला त्याचा भुगा व्हायला लागला. नखानं ओरखडलं की टाका सुटायचा. मी हे वर कळवलं आणि नव्या दोऱ्याची वाट बघत राहिले. दोरा यायच्या आधी वारा आला. पहाटे वर गेलो तर तीन पट्टे सुटून वळचणीला टाकलेल्या चिरगुटासारखे खालच्या खडकांत अडकलेले. मग वादळी पाऊस आणि विजा. नऊ दिवस आम्हाला वर जाता आलं नाही. दहाव्या दिवशी गेलो तेव्हा झाकलेल्या भागात हिम मांडीभर होतं आणि तीन पट्ट्यांच्या जागी करडा बर्फ उघडा. दोन महिन्यांची मेहनत नऊ दिवसांत वाहून गेली होती. मी तिथं उभी राहून रडले. दोरा तपासणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

तेव्हापासून दोऱ्याची प्रत्येक खेप आली की एक रीळ हिवाळ्यातच स्टेशनच्या दक्षिण भिंतीवर उन्हात टांगते आणि महिन्यानं ओढून बघते. तुम्ही रीळ हातात घेतलं की त्यावर माझी तारीख आहे का बघा. नसेल तर ते वापरू नका.

राखण

जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा फेरी. सकाळी लवकर, कापड कडक असताना. कडेनं चाला, मधून नको. बघायचं ते असं: कुठं झोळ पडला, कुठं पिशवी घसरली, कुठं शिवण उसवली. मग वाका आणि कान लावा. चांगल्या कापडाखाली पाण्याचा बारीक झिरपता आवाज सगळीकडं सारखा येतो. एकाच जागी खळखळ ऐकू आली तर तिथं आत प्रवाह झाला आहे. वरची चर बुजली असणार, ती आधी मोकळी करायची.

एकदा तरी कडेचा कोपरा उचलून आत बघा. मी प्रत्येक नव्या माणसाला हे दाखवते. आत हिम असतं, ओलं, साबुदाण्याएवढ्या गोल कणांचं, स्वच्छ पांढरं. हात घातला की कण बोटांमधून ओघळतात. आणि कापडाच्या बाहेर दोन पावलांवर उघडा बर्फ: करडा, खरबरीत, त्यावर बोटभर रुंद आणि वीतभर खोल भोकं. भोकाच्या तळाशी काळा गाळ. ती वाऱ्यानं आलेली धूळ, काजळी आणि त्यात वाढणारं बारीक शेवाळ असतं. काळा रंग ऊन पितो, खाली उतरत जातो, भोक खोल करतो. कधीकधी वसंतात सहाराच्या वाळवंटातून तांबूस धूळ उडत येते आणि सगळं हिम मातकट होतं. २०२२ च्या मार्चमध्ये तसं झालं होतं, आणि तो उन्हाळा आल्प्समध्ये फार वाईट गेला. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी ६ टक्के बर्फ गमावला, पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के.

ऑगस्टअखेर झाकलेला भाग ओट्यासारखा वर उरलेला दिसतो आणि भोवतालचा बर्फ खाली गेलेला. वर्षागणिक ही पायरी वाढते. तिच्या कडेनं चालू नका, कड आतून पोकळ असते.

भुशाचा ढीग

हे काम आमच्याकडं होत नाही, पण स्वित्झर्लंडमध्ये दावोसला मी बघून आले आणि मनात घर करून राहिलं. हिवाळ्यात हिमाचा मोठा ढीग रचतात, त्यावर ४० सेंटिमीटर लाकडाचा भुसा पसरतात आणि उन्हाळाभर तसाच ठेवतात. ऑक्टोबरात भुसा बाजूला करून तेच हिम सपाट मैदानी स्कीच्या वाटेवर पसरतात. २०१५ च्या कडक उन्हाळ्यात तिथल्या हिम आणि हिमलोट संशोधन संस्थेनं मोजलं तेव्हा दावोसच्या ढिगातलं सुमारे तीन चतुर्थांश हिम टिकलं होतं.

मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गल्लीत बर्फाची लादी यायची ती भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून. गोळेवाला लादी धुऊन घ्यायचा तेव्हा भुशाचं पिवळट पाणी रस्त्यावरून वाहायचं. त्याच्याही आधी, १८३३ मध्ये बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता. पुढं मुंबईतही अमेरिकेचा बर्फ यायचा, तो ठेवायला बर्फघर होतं. फ्रेडरिक ट्यूडरचा तो सगळा व्यापार लाकडाच्या भुशावर उभा होता.

कुणी ढीग रचणार असेल तर तीन गोष्टी. आकार घुमटासारखा, म्हणजे पृष्ठभाग कमी आणि पाणी निथळतं. सावलीची जागा, शक्यतो दरीत. आणि ढिगाखाली पाणी वाहून जायला वाट. भुसा ताजा, कोरडा. भुसा खालचं पाणी वर ओढतो, ते वाऱ्यानं उडतं आणि उडताना गारवा करतं. माठाचं तत्त्व.

औलीला किंवा गुलमर्गला हे करता येईल का, असं एकानं विचारलं होतं. औलीची मला काळजी वाटते, आणि कारण पाऊस नव्हे, दमट हवा. हवेतली वाफ थंड हिमावर बसून तिचं पाणी होतं तेव्हा १ ग्रॅम वाफ सुमारे साडेसात ग्रॅम बर्फ वितळवेल इतकी उष्णता सोडते. त्यातून पावसाळ्यात माठही गार होत नाही, तसा भुसाही. तिथं करायचंच असेल तर भुशाचा थर बराच जाड लागेल आणि वर पाणी न झिरपणारं छप्पर. आधी एक ट्रॅक्टरभर हिमावर करून बघावं.

मोजणी, आणि विचारणाऱ्यांना काय सांगायचं

जूनमध्ये आपण वाफेच्या ड्रिलनं बर्फात भोकं पाडून लांब खुंट्या रोवतो, काही कापडातून, काही उघड्यावर. कापडातल्या खुंटीभोवती ठिगळ शिवतो. सप्टेंबरात कापड काढायच्या आधी सगळ्या वाचायच्या, म्हणजे बर्फ खाली जाऊन खुंटी किती उघडी पडली ते मोजायचं. उघड्यावरची खुंटी माझ्या डोक्याच्या वर गेलेली असते, कापडातली कमरेपर्यंतही नसते. दोन्ही आकडे वहीत लिहायचे, शेजारी शेजारी. फक्त कापडाचा आकडा लिहिलेलं पान मी फाडून परत लिहायला लावते.

कारण असं की लोक विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिसच्या डोंगरावर आपल्याकडच्या सहलींच्या बसेस भरभरून जातात. तिथंही उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरं कापड दिसतं. फुर्का घाटात ऱ्होन हिमनदीच्या बर्फगुहेवर तर ते गोधड्यांसारखं लोंबतं. आपली माणसं बघतात आणि म्हणतात, वा, हिमनदी वाचवतायत. आमच्याकडंही कुणी मराठी ऐकून जवळ आलं की हेच बोलतं. त्यांना खरं सांगा. स्वित्झर्लंडमध्ये नऊ ठिकाणं मिळून जेमतेम ०.१८ चौरस किलोमीटर बर्फ झाकला जात होता, म्हणजे तिथल्या सगळ्या हिमनद्यांचा ०.०२ टक्के. त्यानं वर्षाला साधारण साडेतीन लाख घनमीटर बर्फ वाचत होता. घनमीटरमागं खर्च ०.६ ते ७.९ फ्रँक. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातले माथियास हुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हा हिशेब मांडला; सगळ्याच हिमनद्या झाकायच्या तर वर्षाला १ अब्ज फ्रँकहून जास्त लागतील. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठवर लावणार. लिफ्टचा खांब सरळ राहावा, उतार टिकावा, इथल्या गावाचा हिवाळ्यातला रोजगार आणखी काही वर्षं चालावा, यासाठी हे काम आहे, आणि तेवढ्यासाठी ते नीट करण्याजोगं आहे. हिमनदी वाचायची तर धूर कमी करावा लागेल, तो विमानाचाही, ज्यातून मी दरवर्षी घरी जाते.

जर्मनीत त्सुगश्पिट्झ शिखरावर उत्तर श्नेफेर्नर या हिमनदीचा काही भाग १९९३ पासून झाकायचे. २०१२ ला थांबवलं. शेजारच्या दक्षिण श्नेफेर्नरला २०२२ पासून हिमनदी म्हणणंच बंद झालं. उरलेला बर्फ इतका पातळ झाला की तो सरकत नाही. विचारणाऱ्यांना हेही सांगते.

काढणं

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आभाळावर नजर. पहिलं मोठं हिम पडायच्या आत कापड निघालं पाहिजे. उशीर झाला की ओलं कापड गोठून बर्फाला चिकटतं आणि मग करवतीनं कापून काढावं लागतं. कापड खालून वर गुंडाळत न्यायचं, सकाळी दहानंतर, कडकपणा गेल्यावर. आधी पिशव्या, मग दोर, मग शिवण उसवणं. शिवण ओढून फाडू नका. टाक्याचं एक टोक शोधा, साखळी टाका असतो, एका टोकाकडून ओढला की सर्रकन उसवतो. उलट बाजूनं ओढलं तर गाठ बसते. रोलवर वर्ष आणि जागा लिहा. तिसरं वर्ष झालेलं कापड वेगळं ठेवा, ते पुन्हा जात नाही.

कापड निघाल्यावर खाली तंतू राहतात. बारीक, पांढरे, बर्फावर सहज दिसत नाहीत. हे प्लास्टिक आहे आणि इथून निघालेलं पाणी खाली गावाच्या नदीत जातं. लेन्झिंग या ऑस्ट्रियन कंपनीनं लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूंचं कापड स्टुबाईवर घालून तपासलं आहे; ते आमच्याकडं यावं म्हणून मी दोन वर्षं मागं लागले आहे. ते येईपर्यंत हातानं वेचायचं.

वेचताना सूर्य समोर ठेवून ओळीनं उभं राहायचं, हाताच्या अंतरानं. तिरप्या उन्हात तंतूची सावली पडते, ती धरायची. हातमोजे काढा, ओल्या बोटाला तंतू चिकटतो, मोज्याला नाही. दर दहा मिनिटांनी बोटं काखेत घालून ऊब घ्या. प्रत्येकाच्या कमरेला एक डबा. संध्याकाळी सगळे डबे स्टेशनात आणून वाळवायचे आणि तोलायचे. ते वजन वहीत खुंट्यांच्या आकड्यांखालच्या ओळीत जातं, तारखेसकट, आणि त्याखाली ज्यानं वेचलं त्याची सही.